बायोडिझेल सुरू केलं की गाडी धूर मारते, पुन्हा पुन्हा: पंप उघडण्याआधी हे बघा

तक्रार साधारण अशी असते. गाडी जुनी, बीएस-३ (म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी नियमांतली), साधा इनलाइन पंप, म्हणजे नोझलला डिझेल दाबाने पुरवणारा इंजिनावरचा पंप. मालकाने बी-२० सुरू केलं, म्हणजे शंभर लिटरमागे वीस लिटर बायोडिझेल. सुरुवातीला सगळं छान. मग कसारा घाटात लोडवर गाडी ओढेना. मेस्त्रीने काहीतरी केलं, गाडी ओढायला लागली, पण आता सायलेन्सरमधून काळा धूर. मालक वैतागून साध्या डिझेलवर परत आला, तरी धूर जाईना. पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं प्रमाण मोजून जुळवायला गेला, पैसे गेले, धूरही गेला. मग डिझेलचा भाव बघून पुन्हा बायोडिझेल, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच रामायण.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. चांगल्या बायोडिझेलने काळा धूर वाढत नाही, कमी होतो. त्याच्या वजनात साधारण ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) फवाऱ्यात जिथे हवा कमी पोचते तिथेही इंधन बऱ्यापैकी जळतं आणि काजळी कमी होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली जुन्या पद्धतीच्या ट्रक इंजिनांवरच्या चाचण्या एकत्र करून जे आकडे दिले, त्यात बी-२० मुळे काजळी सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड सुमारे ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे २० टक्के कमी झाले होते. नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्क्यांच्या आसपास वाढले, पण ते डोळ्याला दिसत नाहीत. तेव्हा माल चांगला असूनही धूर वाढला असेल, तर मधल्या मधे कोणीतरी काहीतरी फिरवलंय किंवा काहीतरी तुंबलंय. ते शोधायचं.

ड्रायव्हरला विचारायचा पहिला प्रश्न

"आधी ओढ गेली, की आधी धूर आला?"

अर्धं निदान इथेच होतं. मालकाला हे माहीत नसतं, गाडी त्याने चालवलेली नसते. ड्रायव्हरला माहीत असतं, पण त्याला कोणी विचारत नाही. "आधी ओढ गेली, धूर नंतर" असं उत्तर आलं, तर गोष्ट जवळपास नेहमी पुढीलप्रमाणे घडलेली असते.

दहा-बारा वर्षं चाललेल्या गाडीच्या टाकीत तळाला आणि भिंतींना डिझेलचा चिकट गाळ धरलेला असतो. तो आपल्या जागी असतो, कोणाला त्रास देत नाही. बायोडिझेल हा चांगला सॉल्व्हंट आहे. तो हा गाळ सोडवतो आणि लाइनमधून डिझेल फिल्टरपर्यंत आणून सोडतो. फिल्टर चोक होतो. फिल्टर चोक झाला की पंपाला पुरेसं डिझेल मिळत नाही, म्हणून सपाटीला गाडी ठीक चालते आणि घाटात दम टाकते. लक्षात घ्या, या टप्प्यावर काळा धूर नसतो. डिझेलच कमी जातंय, काळा धूर येणार कुठून?

आता गाडी रस्त्यातल्या गॅरेजला जाते. ड्रायव्हर सांगतो, "ओढत नाही." मेस्त्री फिल्टर बघत नाही किंवा वरवर बघतो, आणि पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून देतो. म्हणजे फुल लोडचा स्क्रू फिरवतो. चोक फिल्टरमागे वाढवलेला पंप, त्यामुळे तात्पुरता हिशोब जुळतो. ओढ परत येते. पुढे सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर नवीन पडतो, डिझेल मोकळं वाहतं, आणि वाढवलेला पंप आता गरजेपेक्षा जास्त डिझेल मारतो. हवा तेवढीच, डिझेल जास्त. काळा धूर इथून सुरू होतो आणि साध्या डिझेलवर परत गेलात तरी जात नाही, कारण स्क्रू तिथेच आहे.

कॅलिब्रेशनवाला स्क्रू जागेवर आणतो, धूर जातो. टाकीतला गाळ मात्र कोणीच काढलेला नसतो. पुढच्या वेळी बायोडिझेल पडलं की उरलेला गाळ सुटतो, फिल्टर चोक, पुन्हा तोच मेस्त्री किंवा त्याचा भाऊबंद.

पंपाचं सील तुटलेलं दिसलं आणि ते कॅलिब्रेशनवाल्याने लावलेलं नसेल, तर पुढचं काही तपासण्याआधी तोच धागा पकडा.

जुना फिल्टर फेकू नका, कापून बघा

काढलेला डिझेल फिल्टर आधी पालथा घालून निथळू द्या. मग पत्रा हॅकसॉने कापा (ग्राइंडर नको, आत डिझेल आहे) आणि आतला कागद उलगडा. कागद एकसारखा करडा-काळा असेल तर तो नेहमीसारखा वापरला गेलाय. चॉकलेटी-काळा चिकट थर असेल, बोटावर घेतला तर ग्रीससारखा ओढला जात असेल, तर तो टाकीतला जुना गाळ. पिवळट-पांढरी, साबणासारखी बुळबुळीत जेली असेल तर दोष टाकीचा नाही, मालाचा आहे. बायोडिझेल नीट धुतलेलं नाही, त्यात साबण किंवा अर्धवट रूपांतर झालेलं तेल राहिलंय. तळाला पाणी आणि काळपट शेवाळासारखे धागे असतील तर टाकीत पाणी आहे आणि त्यात जंतू वाढलेत. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरतं, म्हणून पावसाळ्यात आणि बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त दिसतं.

गाळ सापडला तर इलाज कंटाळवाणा आहे पण एकच. टाकी उतरवा, पूर्ण रिकामी करा, आतून धुवा, सक्शन पाइपची जाळी साफ करा. वॉटर सेपरेटरचं भांडं काढून पुसा. मग नवीन फिल्टर टाका आणि दुसरा नवीन फिल्टर केबिनमध्ये ठेवा. पहिल्या दोन-तीन टाक्यांत तो लागतोच. ओढ कमी वाटली की ड्रायव्हरने फिल्टर बदलायचा, गॅरेज शोधायचं नाही, एवढी एकच सूचना दिलीत तरी निम्मे खर्च वाचतील. आणि सरळ बी-२० वर उडी मारू नका. बी-५ वर दोन टाक्या, बी-१० वर दोन, मग पुढे. गाळ हळूहळू सुटतो आणि फिल्टर झेपवू शकतो.

आधी धूरच आला असेल तर

मग धुराचा रंग आणि वेळ बघा. रंग तर सगळे बघतात, वेळ कोणी बघत नाही.

गिअर बदलून ॲक्सिलेटर दाबला की एक भपका येतो आणि लगेच साफ होतो: जुन्या टर्बो गाडीत एवढं चालतं. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) फिरायला क्षणभर लागतो तोवरचा तो धूर आहे. घाटात चढताना सतत काळा धूर येतो, गिअर खाली घेतला तरी कमी होत नाही: हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. उभ्या गाडीत, न्यूट्रलवर धूर येतो: नोझल टपकतोय.

हवेपासून सुरू करा, कारण ते फुकट आहे. लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या आवारात किंवा ऊसतोडीच्या फडात फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. आणि कॉम्प्रेसरने मारून मारून पुन्हा बसवलेला फिल्टर हा फिल्टर राहत नाही, त्याच्या घड्या फाटलेल्या असतात आणि धूळ सरळ टर्बोत जाते. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे होज बघा. क्लिपजवळ तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर तिथून हवा सुटतेय. लोडवर "फुस्स" आवाज येतो का, तो ड्रायव्हरला विचारा. रबरी होज वरून बरा दिसतो, चीर खालच्या बाजूला असते, हात फिरवल्याशिवाय सापडत नाही. बायोडिझेल सुरू केलं त्याच महिन्यात होज फाटला तर बिल बायोडिझेलच्या नावावर फाटतं, हा नुसता योगायोग मी अनेकदा पाहिलाय.

हवा ठीक असेल तर नोझल. खराब बायोडिझेलचा किंवा सरळ तळणीचं तेल मिसळण्याचा फटका इथे बसतो. कच्चं तेल डिझेलच्या जवळपास दहापट घट्ट असतं. नोझल त्याचा फवारा करू शकत नाही, नुसती धार मारतो. टोकावर कार्बन जमतो, फवारा वाकडा होतो, काळा धूर आणि अॅव्हरेज दोन्ही बिघडतात. "ढाब्याचं तेल गाळून टाकलं, काही झालं नाही" असं सांगणारे भेटतात. काही हजार किलोमीटरनंतर त्यांना परत भेटा. त्या तेलाला मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया होऊन ग्लिसरीन वेगळं निघालं, धुतलं, सुकवलं, तरच ते बायोडिझेल. गाळणं म्हणजे प्रक्रिया नव्हे.

साध्या पंपाच्या इंजिनात कोणता सिलिंडर धूर मारतोय ते शोधायला एकेका नोझल पाइपचं नट किंचित सैल करून धूर कमी होतो का बघतात. जाणत्या मेस्त्रीकडूनच, चष्मा लावून. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून जबर दाबाचं डिझेल देणाऱ्या गाडीत हे कधीही करायचं नाही. तिथे रेलमध्ये दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, ती धार कातडी भेदून डिझेल आत घालते आणि बोट काढावं लागण्यापर्यंत वेळ येते. तिथे स्कॅनर लावून नोझलचं करेक्शन, म्हणजे कोणत्या नोझलचं डिझेल कॉम्प्युटर किती कमी-जास्त करतोय, ते बघतात.

पांढरा आणि निळा

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंग, व्हॉल्व्ह सील, टर्बोचा सील यापैकी काहीतरी. फक्त एक अपवाद पुढे सांगतो.

पांढरा धूर सकाळी स्टार्ट केल्यावर येऊन गाडी तापली की जात असेल, तर थंडीचा विचार करा. पामतेलापासून केलेलं बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा एक आकडी होतो. रात्री उघड्यावर उभी राहिलेली गाडी पहाटे स्टार्टरला त्रास देणार, झाली तर पांढरा धूर ओकत मिसिंग करणार, आणि फिल्टरमध्ये मेणासारखा थर सापडणार. दुपारी तो थर विरघळलेला असतो, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही! थंडीचे दोन महिने मिश्रण बी-५ वर आणा, बाकी उपाय महाग आहेत. पांढरा धूर तापल्यावरही राहत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर इंधनाचा विषय सोडा, हेड गास्केट बघा.

पांढऱ्या धुराचं आणखी एक कारण जुन्या गाड्यांत वारंवार सापडतं. जुने रबरी पाइप आणि ओरिंग बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात आणि सक्शनच्या बाजूने हवा घ्यायला लागतात. बाहेर डिझेल गळत नाही, कारण तिथे ओढ आहे, दाब नाही. म्हणून वरून सगळं कोरडं दिसतं. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) आधी हातभर पारदर्शक पाइप लावा आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे दिसले की कारण सापडलं. पाइप आणि ओरिंग व्हिटॉन रबराचे घ्या, साध्या नायट्राइल रबराचे पुन्हा फुगतील. टाकीत, लाइनमध्ये तांबं-पितळेचं फिटिंग असेल तर तेही बदला, त्याच्या संगतीने बायोडिझेल लवकर खराब होतं.

माल खरा आहे का

निळा-पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर आणि ऑइल कमी होत नाही, असं असेल तर मी आधी माल तपासतो. वरचा अपवाद हाच. २०२०-२१ च्या सुमारास गुजरात आणि महाराष्ट्रातल्या हायवेवर बायोडिझेलच्या नावाने बेस ऑइल (वंगण बनवायचं मूळ तेल) आणि औद्योगिक तेलं विकणाऱ्यांवर धाडी पडल्या, ते अनेकांना आठवत असेल. तसला माल इंजिनात अर्धवट जळतो आणि बदनाम बायोडिझेल होतं. खऱ्या बी-१०० साठी, म्हणजे डिझेल न मिसळलेल्या बायोडिझेलसाठी, आयएस १५६०७ हे मानक आहे. विकणाऱ्याकडे परवाना आणि त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा. "अहवाल ऑफिसात आहे" म्हणाला तर गाडी पुढे घ्या.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. ती फक्त शुद्ध बी-१०० वर चालते, मिश्रणावर नाही. उभ्या काचेच्या बाटलीत २७ मिलि मिथेनॉल घ्या, त्यात ३ मिलि बायोडिझेल टाका, झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. चांगलं बायोडिझेल पूर्ण विरघळतं, बाटली पाण्यासारखी स्वच्छ राहते. तळाला तेलाचे थेंब जमले तर रूपांतर अर्धवट आहे. भरपूर थर खाली बसला तर ते बेस ऑइल, खनिज तेल किंवा सरळ कच्चं तेल आहे. चाचणी २० ते २२ अंशांना करतात. मे महिन्याच्या दुपारी केलीत तर अर्धवट मालही पास होऊ शकतो, म्हणून सकाळी लवकर करा. मिथेनॉल विषारी आहे आणि झटकन पेटतं: हातमोजे, मोकळी हवा, आसपास बिडी नको, आणि बाटली पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

दुसरी चाचणी साबणाची. अर्धी बाटली बायोडिझेल, अर्धी पाणी, जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर वेगळे झाले पाहिजेत. मधे ताकासारखा पांढरा थर राहिला तर साबण आहे, आणि तोच फिल्टरमधल्या त्या जेलीचा बाप.

अॅव्हरेजवरूनही माल कळतो. शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण ८ टक्के कमी असते, म्हणजे बी-२० मध्ये दीड-दोन टक्के. लिटरला चार किलोमीटरचा अॅव्हरेज देणारी गाडी फार तर ३.९२ देईल, ते टाकी ते टाकी हिशोबात नीट दिसतही नाही. चारचे साडेतीन झाले असतील तर ते बायोडिझेलमुळे नाही. माल खोटा आहे, नोझल गेलेत, पंप वाढवलाय, किंवा डिझेल कुठेतरी उतरतंय.

बीएस-६ गाडी असेल तर

वरचं बरंचसं लागू नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत सायलेन्सरच्या आधी काजळीचा फिल्टर असतो, त्यामुळे काळा धूर दिसायलाच नको. दिसला तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. इथे खराब बायोडिझेलचं लक्षण धूर नाही, वारंवार पेटणारा रिजनरेशनचा (फिल्टरमधली काजळी जाळून टाकण्याचा) दिवा आहे. बायोडिझेलमध्ये राहिलेले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जळत नाहीत, राख होऊन त्या फिल्टरमध्ये कायमचे बसतात.

आणि डिपस्टिक बघा. ज्या इंजिनांत रिजनरेशनसाठी सिलिंडरमध्येच जादा डिझेल मारलं जातं, तिथे थोडं लायनरवरून ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू वरचा असल्याने ते तिथेच राहतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि ऑइल पातळ लागत असेल, तर किलोमीटरची वाट न बघता ऑइल बदला. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या साध्या डिझेलमध्ये आयएस १४६० प्रमाणे ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. त्याच्या वर बीएस-६ गाडीत जायचं असेल तर कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलंय का ते आधी वाचा. शोरूममधल्या माणसाचं तोंडी "चालतंय" वॉरंटीच्या वेळी उपयोगाला येत नाही.

पीयूसीआधी

धूरमापकात बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ ही मर्यादा आहे. गाडी थंड असताना नेऊन उभी केली तर चांगली गाडीही नापास होते. आधी वीस-पंचवीस किलोमीटर लोडवर पळवा, सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी उडू द्या, मग जा. चाचणीत ॲक्सिलेटर झटक्यात दाबतात, त्यामुळे वाढवलेला पंप हमखास पकडला जातो. पंप वाढवलेला असेल तर पीयूसीच्या दिवशी टाकीत बायोडिझेल ओतून आकडा खाली येईल असं सांगणारे आहेत. फरक दहा टक्क्यांचा, आणि स्क्रूने वाढवलेला धूर त्याच्या कितीतरी पट. कॅलिब्रेशन करून घ्या, सील नवीन लावा, सीलचा फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या वेळी गाडी घाटात ओढली नाही की आधी केबिनमधला फिल्टर काढा.